अनुभव भरपूर, तरी नापास : पर्सनल ट्रेनर परीक्षेच्या एका फेरप्रयत्नाचा अभ्यास

हे प्रकरण अशा उमेदवाराचे आहे, ज्याच्याकडे पाहून कुणीही म्हटले असते की हा पहिल्याच खेपेला पास होणार. तिशीतला माणूस. बरीच वर्षे स्वतः वजने उचललेली, जिमच्या फ्लोअरवर रोज लोकांना व्यायाम दाखवायची सवय, आणि समोरच्याचा स्क्वॉट, म्हणजे बैठक, पाहून चूक कुठे आहे ते लगेच ओळखणारी नजर. त्याने 'नॅझम'ची, म्हणजे नॅशनल अकॅडमी ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची पर्सनल ट्रेनर परीक्षा दिली आणि थोडक्यात हुकला. मग तो माझ्याकडे आला. हातात अभ्यासाचे पुस्तक होते आणि त्यातली जवळपास प्रत्येक ओळ पिवळ्या, गुलाबी नाहीतर हिरव्या रंगाने रंगवलेली होती.

परीक्षेचा साचा आधी सांगतो, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. १२० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, वेळ दोन तास. त्यातले १०० प्रश्न गुणांसाठी धरतात. उरलेले २० संस्था पुढच्या परीक्षांसाठी चाचपून पाहत असते, आणि ते कुठले हे उमेदवाराला कळत नाही. पास व्हायला ७० लागतात. मात्र हे ७० म्हणजे सरळ ७० टक्के नव्हेत, प्रश्नसंच किती अवघड होता हे लक्षात घेऊन बसवलेल्या मोजपट्टीवरचा तो आकडा आहे. इतर संस्थांचे साचे थोडे निराळे असतात. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज तीन तासांत १५० प्रश्न विचारते आणि तिथे ८०० पैकी ५०० ला पास धरतात. संस्था बदलली तर आकडे बदलतील, अभ्यासाची अडचण बहुतेक तीच राहील.

पहिल्या खेपेचा अभ्यास

त्याने आळस केला नव्हता, हे आधी सांगायला हवे. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा वाचले होते. सुवाच्य अक्षरात वहीभर टिपणे काढली होती, पण ती बरीचशी पुस्तकातलीच वाक्ये होती. रात्री व्हिडिओ पाहिले होते. आणि एक सराव परीक्षा पुन्हापुन्हा दिली होती. पहिल्या वेळी साठीत असलेले गुण शेवटी नव्वदीत गेले, तेव्हा आपण तयार आहोत अशी त्याची खात्री पटली.

मी पुस्तक मिटायला सांगितले आणि विचारले, मसल स्पिंडल आणि गोल्गी टेंडन ऑर्गन यांत फरक काय?

"सर, हे मला येतं. पान उघडा, लगेच सांगतो."

पान न उघडता त्याने जे सांगितले ते नेमके उलटे होते. स्पिंडल स्नायूच्या लांबीतला बदल आणि त्या बदलाचा वेग टिपतो, आणि ताण अचानक आला तर स्नायू आकुंचन पावतो. गोल्गी टेंडन ऑर्गन स्नायू आणि टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) यांच्या जोडावरचा ताण टिपतो आणि त्याच्यामुळे स्नायू सैल पडतो. ही जोडी परीक्षेत हमखास येते, कारण दोन्ही नावे ओळखीची वाटतात आणि ओळखीचे वाटले की माणूस पुढे वाचत नाही.

'पान उघडा, लगेच सांगतो' या वाक्यात त्याचे सगळे दुखणे होते. पान समोर असताना उत्तर ओळखता येते. परीक्षेत पान नसते, आणि चार पर्यायांपैकी तीन मुद्दाम ओळखीचे वाटतील असेच लिहिलेले असतात.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये यावर एक सुंदर प्रयोग केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हापुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि मग न बघता आठवून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने तपासले तर चित्र फिरले होते. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. आमच्या उमेदवाराचे हेच झाले होते. रात्री वाचून सकाळी सगळे येते, म्हणून तो निश्चिंत होता. २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तोलून पाहिल्या. त्यात रेघोट्या ओढणे, फेरवाचन आणि सारांश लिहिणे यांचा उपयोग कमी ठरला. स्वतःची परीक्षा घेणे आणि अभ्यास दिवसांत विखुरणे या दोन पद्धती सर्वात वर आल्या. म्हणजे आमच्या माणसाने दहांतल्या नेमक्या मागच्या बाकावरच्या पद्धती उचलल्या होत्या. त्याला दोष तरी काय द्यायचा, शाळेपासून बहुतेक सगळे तसाच अभ्यास करतात.

वेळ कुठे गेला होता

दुसरी गोष्ट वहीतली पाने मोजल्यावर दिसली. निम्म्याहून जास्त टिपणे हाडे, स्नायू, मज्जासंस्था, हृदय आणि ऊर्जा यांवर होती. सुरुवातीचा ताजा उत्साह सगळा तिथे खर्च झाला होता. त्याच्या वेळच्या परीक्षेच्या आराखड्यात मूलभूत विज्ञान आणि पोषण मिळून १५ टक्के होते. व्यायामाचे तंत्र आणि शिकवणे २४, कार्यक्रमाची आखणी २०, मूल्यमापन १६, क्लायंटशी नाते आणि वर्तनबदल १५, व्यवसाय आणि जबाबदारी १०. शेवटच्या दोन विभागांचे मिळून २५ टक्के होतात, आणि त्यावर त्याच्या वहीत दीड पान होते. "ते तर कॉमन सेन्स आहे" असे त्याचे म्हणणे. निकालात कमकुवत म्हणून जे विभाग दाखवले होते त्यांत हे दोन्ही होते.

आराखडा संस्था जाहीर करते आणि अधूनमधून बदलते. म्हणून अभ्यास सुरू करण्याआधी चालू आराखडा समोर ठेवून दर विभागाला किती दिवस द्यायचे हे ठरवावे. हे काम अर्ध्या तासाचे आहे, आणि माझ्या पाहण्यात फार थोडे उमेदवार ते करतात.

कोऱ्या कागदापासून सुरुवात

दुसऱ्या प्रयत्नाला दहा आठवडे होते. पहिला नियम असा ठरला की कुठलाही विषय वाचण्याआधी त्यावर जे आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचे, चुकीचे का असेना. मग पुस्तक उघडायचे आणि जे सुटले किंवा चुकले तेवढेच लाल पेनाने भरायचे. दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद. पुस्तक वाचणे बंद केले नाही, फक्त ते नंतर आले.

पहिले काही दिवस तो वैतागला. कागदावर जेमतेम चार ओळी उतरत, आणि एवढे वाचूनही आपल्याला काहीच येत नाही असे त्याला वाटे. या टप्प्यावर बरेच जण परत मार्कर हातात घेतात, कारण रंगवताना निदान काहीतरी पुढे सरकल्यासारखे वाटते. त्याला थांबवायला मला फार समजवावे लागले नाही. तोच म्हणाला की सेटच्या (सलग केलेल्या एका फेरीच्या) शेवटच्या दोन रेप्स, म्हणजे आवर्तने, जड जातात तसेच हे आहे. व्यायामाच्या माणसाला हे लवकर पटते.

फ्लॅशकार्डेही केली, पण पहिल्या खेपेसारखी नाहीत. आधीच्या कार्डांवर एका बाजूला नाव आणि मागे व्याख्या होती. नव्या कार्डांवर प्रश्न होता. 'सोलियस म्हणजे काय' याऐवजी 'गुडघा वाकवून पोटरी ताणली तर ताण कुठल्या स्नायूवर येतो आणि का?' उत्तर असे की गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वरून सुरू होतो, त्यामुळे गुडघा वाकला की तो ढिला पडतो. सोलियस गुडघा ओलांडत नाही, म्हणून ताण त्याच्यावर येतो. एवढ्या एका कार्डात दोन स्नायूंची जागा, दोन सांधे आणि एक स्ट्रेच बसतो. कार्डे तीन खोक्यांत ठेवली होती. बरोबर आलेले कार्ड पुढच्या खोक्यात जाई आणि उशिरा समोर येई, चुकलेले पहिल्या खोक्यात परत. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात लोकांसमोर मांडली आणि आज 'अँकी'सारखी अ‍ॅप्स याच कल्पनेवर चालतात. कागद की अ‍ॅप, यात मला काही फरक दिसलेला नाही. कार्ड दुसऱ्याचे आयते घेतले की मात्र फरक पडतो. ते बनवतानाच निम्मा अभ्यास होत असतो.

ओव्हरहेड स्क्वॉटचा तक्ता

या परीक्षेत सर्वात जास्त घोकंपट्टी होते ती इथे, म्हणून यावर जरा थांबतो.

क्लायंटला हात डोक्यावर सरळ धरून स्क्वॉट करायला सांगतात आणि पाच ठिकाणे पाहतात: पावले आणि घोटे, गुडघे, कंबर-नितंबाचा भाग, खांदे, डोके आणि मान. प्रत्येक बिघाडासाठी पुस्तकात तक्ता आहे. कुठले स्नायू जास्त सक्रिय आणि आखूड असू शकतात, कुठले कमी सक्रिय. गुडघे आत येणे, कंबरेला जास्त बाक येणे, धड पुढे झुकणे, हात पुढे पडणे, प्रत्येकाला नावांच्या दोन लांबलचक याद्या. त्याने हा तक्ता कविता पाठ करावी तसा पाठ केला होता. दोन ओळींची अदलाबदल झाली की पुढचे सगळे घसरे.

आम्ही तक्ता बाजूला ठेवला आणि आरशासमोर उभे राहिलो. धड पुढे का झुकते? खाली बसताना नडगी पुढे जायला हवी, म्हणजे घोटा पुरेसा वाकायला हवा. सोलियस आणि गॅस्ट्रोक्नेमियस आखडले असतील तर घोटा वाकत नाही, नडगी मागेच राहते. शरीराचा तोल तर पावलांवरच ठेवायचा आहे. मग नितंब मागे जातात तेवढे धड पुढे येते. हिप फ्लेक्सर, म्हणजे मांडी वर उचलणारे स्नायू, आखूड असतील तर तेही धडाला पुढेच खेचतात. आता ज्याने धड सरळ ठेवायचे ते कोण? नितंबाचा ग्लूटियस मॅक्सिमस आणि पाठीचे इरेक्टर स्पायनी. तेच कमी सक्रिय असणार. तक्ता आपोआप तयार झाला.

मग लॅटिसिमस डॉर्सायवर आलो, आणि खरी मजा इथे होती. हा स्नायू खाली कंबर आणि श्रोणीपासून निघतो आणि वर दंडाच्या हाडाला लागतो. हात डोक्यावर नेला की तो ताणला जातो. तो आखूड असेल तर दोनच वाटा उरतात. एकतर हात पुढे पडतील, नाहीतर हात वर राहतील आणि त्याची भरपाई कंबर बाक काढून करेल. म्हणून तक्त्यात 'हात पुढे पडणे' आणि 'कंबरेचा बाक' या दोन्ही ओळींत लॅटिसिमस सापडतो. पाठांतर करताना त्याला हा योगायोग वाटला होता आणि तिथेच तो गोंधळायचा. आता त्याने एकदा स्वतः हात वर करून, एकदा हात कंबरेवर ठेवून स्क्वॉट केला. हात खाली आणल्यावर बाक कमी झाला तर संशय लॅटिसिमसवर, तेवढाच राहिला तर आधी हिप फ्लेक्सरकडे पाहायचे. प्रश्न कसाही फिरवून आला तरी आता चालणार होते.

उपाययोजनेचा क्रम याच तर्काने लक्षात राहिला. आखूड स्नायूवर आधी फोम रोलर, मग त्याचा स्थिर ताण, मग कमी सक्रिय स्नायूला वेगळे काम, शेवटी सगळे मिळून एक हालचाल. आधी झोपलेल्या स्नायूला काम दिले आणि आखडलेला तसाच ठेवला तर सांधा मोकळा होणारच नाही, मग काम कसे होणार?

एक सांगतो. खऱ्या माणसात गुडघे आत येण्यामागे इतकी सरळ यादी नेहमीच नसते, आणि या तक्त्यांवर व्यवसायातच मतभेद आहेत. त्यालाही ते माहीत होते आणि तो मधूनमधून वाद घालायचा. वाद चांगला होता, पण परीक्षेत संस्थेच्या चौकटीतच उत्तर द्यावे लागते. वाद कार्डाच्या मागच्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवायचा आणि पुढे जायचे, असे ठरले.

आकडे

नॅझमचा 'ऑप्ट' हा व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवण्याचा आराखडा पाच टप्प्यांचा आहे आणि प्रत्येक टप्प्याला रेप्स, सेट, वजनाची तीव्रता, गती आणि विश्रांती यांचे आकडे आहेत. पहिला टप्पा स्थिरता आणि सहनशक्तीचा: १२ ते २० रेप्स, १ ते ३ सेट, कमाल वजनाच्या ५० ते ७० टक्के, गती ४-२-१-१ (वजन खाली नेणे, थांबणे, उचलणे, थांबणे यांचे सेकंद). चौथा कमाल ताकदीचा: १ ते ५ रेप्स, ४ ते ६ सेट, ८५ ते १०० टक्के, विश्रांती ३ ते ५ मिनिटे.

हे आकडे पाठ करावेच लागतात, त्याला दुसरा मार्ग नाही. पण आधार घेता येतो. तीव्रता वाढते तशा रेप्स कमी होतात आणि विश्रांती वाढते, हा एकच कल धरला की पाचांतल्या चार टप्प्यांचे आकडे साधारण कुठे असतील ते कळते. ३ ते ५ मिनिटेच का, तर जड वजनाचे काही सेकंदांचे काम मुख्यतः फॉस्फोक्रिएटिन या स्नायूंतल्या झटपट इंधनावर चालते आणि तो साठा भरून यायला काही मिनिटे लागतात. पाचव्या, पॉवरच्या टप्प्याने मात्र त्याला फसवले होते. तिथे जड व्यायामाला जोडून वेगाचा व्यायाम असतो आणि वेगाच्या व्यायामाची तीव्रता ३० ते ४५ टक्केच असते. 'शेवटचा टप्पा म्हणजे सर्वात जड' असे गृहीत धरून पहिल्या खेपेला त्याने अशा प्रश्नात जड वजन निवडले होते. वजन जास्त असेल तर वेग येणार नाही, एवढे ध्यानात आल्यावर तो प्रश्न पुन्हा चुकला नाही.

हृदयगतीची गणिते एका बैठकीत एकाच प्रकारची न करता मिसळून केली. कमाल हृदयगती काढायला २२० वजा वय हे जुने सूत्र, आणि २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे तनाका या संशोधकांचे. गंमत म्हणजे ४० व्या वर्षी दोन्ही सूत्रे १८० च देतात. विशीत जुने सूत्र जास्त आकडा देते, साठीत तनाकांचे. आता ४० वर्षांचा क्लायंट, विश्रांतीची हृदयगती ७०, तीव्रता ६० टक्के. सरळ टक्केवारीने १०८ येतात. कार्वोनेन पद्धतीने १८० मधून ७० वजा करायचे, ११० चे ६० टक्के म्हणजे ६६, त्यात ७० मिळवायचे, १३६. एकच क्लायंट, तरी उत्तरात २८ ठोक्यांचा फरक, आणि पर्यायांत दोन्ही आकडे असतात. कुठले सूत्र लावायचे हे ओळखणे हाच खरा प्रश्न असतो, गुणाकार सगळ्यांना येतो. सगळी उदाहरणे एकाच सूत्राची सोडवली तर ही ओळख तयारच होत नाही.

अनुभवाची अडचण

आता मुख्य मुद्दा. त्याच्या चुकलेल्या उत्तरांत दोन प्रकार होते. माहिती नव्हती म्हणून चुकलेली, आणि जिममध्ये तो रोज जे करतो ते निवडले म्हणून चुकलेली. दुसऱ्या प्रकारची जास्त होती.

समजा प्रश्न असा आहे: नवा क्लायंट, स्नायू वाढवायचे आहेत, आधी कधी व्यायाम केलेला नाही, पहिली पायरी कोणती? त्याचा हात ८ ते १२ रेप्सच्या कार्यक्रमाकडे जाई. अपेक्षित उत्तर आधी आरोग्याची प्रश्नावली आणि मूल्यमापन, मग पहिला टप्पा. क्लायंट म्हणतो गुडघा कित्येक दिवसांपासून दुखतोय. अनुभवी ट्रेनरच्या डोक्यात लगेच चार व्यायाम येतात. परीक्षेत उत्तर आहे, डॉक्टरांकडे पाठवा. निदान करणे ट्रेनरच्या कार्यकक्षेत नाही, आणि विशिष्ट आजारासाठी आहार लिहून देणेही नाही. क्लायंट बीटा ब्लॉकर घेतो, तीव्रता कशी मोजाल? घड्याळातली हृदयगती नव्हे, कारण ते औषध हृदयगती दाबून ठेवते. श्रमाची जाणीव विचारायची किंवा बोलता येते का ते पाहायचे.

'कॉमन सेन्स' म्हणून सोडलेल्या वर्तनबदलाच्या विभागात तर अनुभव आडवाच आला. बदलाच्या टप्प्यांचे प्रारूप प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांचे. माणूस अजून विचारही करत नाही, मग सहा महिन्यांच्या आत करू असा विचार करतो, मग महिन्याभरात सुरू करण्याच्या तयारीत असतो, मग करतो पण सहा महिने झालेले नाहीत, आणि मग सहा महिन्यांच्या पुढे टिकवतो. प्रश्नात टप्प्याचे नाव नसते, क्लायंटचे वाक्य असते. 'व्यायाम करायला हवा हे कळतं, पण वेळच मिळत नाही' म्हणणाऱ्याला काय म्हणाल? फ्लोअरवर तो अशा माणसाला जोशात वेळापत्रक लिहून द्यायचा. या टप्प्यावर उत्तर वेळापत्रक नाही. खुला प्रश्न विचारायचा, फायदे-तोटे त्याच्याच तोंडून येऊ द्यायचे. हे शिकल्यावर त्याने फ्लोअरवर येणाऱ्या माणसांची वाक्ये ऐकून मनातल्या मनात टप्पा ठरवायचा खेळ सुरू केला. माझ्या मते सगळ्या दहा आठवड्यांतला हा सर्वात चांगला सराव होता, आणि तो त्याचा त्यालाच सुचला.

अनुभव टाकून द्यायचा नव्हता, त्याला जागा दाखवायची होती. म्हणून सराव प्रश्नांच्या वहीत दर उत्तरापुढे तो एक खूण करू लागला: पक्के, अर्धवट, अंदाज. अंदाजाने चुकलेले कुणालाही सापडते. 'पक्के' लिहून चुकलेली उत्तरे वेगळ्या पानावर गेली, आणि त्या पानावर जवळपास सगळी जिमची सवय होती. अशी खात्रीने केलेली चूक दाखवून दिली की ती उलट जास्त लक्षात राहते, हे संशोधनातही दिसले आहे.

सराव परीक्षा आणि वेळापत्रक

जुनी सराव परीक्षा बंद केली. तिच्यातले नव्वदीतले गुण प्रश्न ओळखीचे झाल्याचे होते. नवीन प्रश्नसंच घेतले, आणि प्रत्येक संचानंतर बरोबर पर्याय का बरोबर याच्या जोडीला उरलेले तीन का चूक हेही त्याला तोंडी सांगावे लागे. त्याचबरोबर प्रश्न कसा बदलला तर चुकीचा पर्याय बरोबर ठरेल? एका प्रश्नातून असे चार निघतात. याला वेळ लागतो, त्यामुळे संच कमी होतात, पण तेच बरे. कुठूनतरी फुटलेले म्हणून फिरणारे प्रश्नसंच घेऊ नका, ते गैर आहेच आणि त्यांतली उत्तरेही अनेकदा चुकीची असतात.

प्रश्न वाचण्याची एक सवय लावली. 'सर्वप्रथम', 'सर्वात योग्य', 'वगळता' हे शब्द आधी शोधायचे, पर्याय झाकून उत्तर मनात ठरवायचे, मग पर्याय उघडायचे. १२० प्रश्नांना १२० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी एक मिनिट. अडलेल्यावर खूण करून पुढे जायचे आणि शेवटी परत यायचे.

वेळापत्रक साधे होते. कामाच्या दिवशी शिफ्टच्या आधी पाऊण तास, त्यातली पहिली पंधरा मिनिटे कार्डांना. सुटीच्या दिवशी एक मोठी बैठक. सहाव्या आठवड्यापासून दर सुटीला घड्याळ लावून पूर्ण संच. शेवटच्या आठवड्यात नवे काही नाही. हा सगळा हिशेब आधीच्या तयारीपेक्षा कमी तासांचा होता.

मधल्या काळात एक भलतीच अडचण निघाली. त्याच्या सीपीआर-एईडी (हृदय बंद पडल्यास छाती दाबणे आणि यंत्राने झटका देणे) प्रमाणपत्राची मुदत संपत आली होती, आणि परीक्षेला ते वैध लागते. तो वर्ग लवकर उरकला, आणि मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली किमान ५ सेंटिमीटर हे आकडे हातांनीच लक्षात राहिले.

परीक्षा, आणि काय उपयोगी पडले नाही

आदल्या दिवशी त्याने फक्त 'पक्के पण चूक' हे पान चाळले आणि वेळेवर झोपला. परीक्षेत सुरुवातीला एकामागून एक असे प्रश्न आले, ज्यांतले शब्दही त्याला अनोळखी वाटले. ते गुण नसलेल्या वीसांतले असतील असे समजून त्याने अंदाज लावला आणि पुढे गेला. ते खरेच तसे होते की नाही हे कधी कळणार नाही, पण डोके शांत राहिले. त्या दिवशी तो पास झाला.

सगळेच जमले असे नाही. स्वतःच्या आवाजात टिपणे रेकॉर्ड करून प्रवासात ऐकायची कल्पना त्याने मोठ्या उत्साहाने राबवली. आठवड्यात लक्षात आले की कानावर आवाज पडतोय आणि मन दुसरीकडे आहे. हे फेरवाचनच होते, फक्त कानाने. दोन मित्रांबरोबरचा अभ्यासगट गप्पांत विरघळला. त्यातल्या एकाला फोनवर रोज एक विषय समजावून सांगणे मात्र टिकले, कारण तो मित्र या क्षेत्रातला नव्हता आणि "म्हणजे काय?" असे सारखे विचारायचा.

पोषणाचा भाग शेवटपर्यंत कच्चाच राहिला. कर्बोदके आणि प्रथिने ग्रॅमला ४ कॅलरी, स्निग्ध पदार्थ ९, याच्या पुढे तो फारसा गेला नाही. वेळ कमी होता आणि गुण इतरत्र जास्त होते, त्यामुळे तो निर्णय मला तेव्हाही पटला होता. आता प्रमाणपत्राच्या नूतनीकरणासाठी दर दोन वर्षांनी २.० सीईयू, म्हणजे पुढील शिक्षणाची एकके, लागतात, त्यातला ०.१ सीपीआर-एईडीचा. उरलेल्या १.९ साठी त्याने पहिला कोर्स पोषणाचाच घेतला आहे.